फुलीवरची जागा

शिंप्याने नवे स्पीकर खोलीच्या दोन कोपऱ्यांत दडपून ठेवले आणि गेल्या वर्षी वारलेल्या आईचं फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं, तर म्हातारी विहिरीतून ओरडतेय असं वाटलं. आईचा आवाज तेवढाच उरला होता, आणि त्याचीही ही गत!

पण मापात हार मानेल तो शिंपी कसला? दुपारभर मापाची टेप खोलीभर फिरली. दोन्ही स्पीकर कोपऱ्यांतून पुढे आले, कानाच्या उंचीवर चढले. भिंती घुमत होत्या, म्हणून त्यांच्यापुढे कोटाच्या जाड कापडाचे तागे उभे राहिले. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर त्याने जमिनीवर खडूने फुली मारली आणि तिच्यावर मांडी घातली.

"चहा गार झालाय," आई म्हणाली. दोन स्पीकरांच्या मधोमध असलेल्या तिच्या रिकाम्या खुर्चीतून. शिंप्याच्या अंगावर काटा आला आणि डोळेही भरून आले.

नेमकी तेव्हाच बायको आत आली. ती दचकून डावीकडे सरकली. आवाज डावीकडे आला. उजवीकडे पळाली, आवाजही उजवीकडे. हयातभर सासूबाई अशाच स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंत तिच्या मागे असायच्या.

"अहो, त्या माझ्या मागे येतायत!"

"अगं, ज्या स्पीकरजवळ जाशील तिकडूनच ऐकू येणार. फुलीवर बस, मग आई खुर्चीतून हलायची नाही."

"आज ही खोकी बाहेर जातील, नाहीतर मी!"

"एकदाच बस. नाही पटलं तर मीच परत करतो."

ती डोळे घट्ट मिटून बसली. आवाज खुर्चीत स्थिरावला. "सून गुणाची आहे रे," आई कुजबुजली. "पण तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल."

बायकोने हळूच डोळे उघडले. स्पीकरांचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

आता ती रोज दुपारी फुलीवर असते. फुली एकच, त्यामुळे शिंप्याला दाराशी उभं राहावं लागतं, आणि तिथून आई कपाटात बसल्यासारखी ऐकू येते. काल न राहवून तो बायकोच्या डाव्या बाजूला खेटून बसला.

"थोडी सरक की. माझी आई आहे ती!"

"तू हो बाजूला," आवाज आला. "आमचं बोलणं चाललंय."

तिथे बसलेल्याला आवाज डाव्या स्पीकरमधून यायला हवा. हा खुर्चीतून आला. शिवाय चार मिनिटांचं ते रेकॉर्डिंग शिंप्याला तोंडपाठ होतं, आणि त्यात हे वाक्य नव्हतं.

तो मुकाट्याने दाराशी जाऊन उभा राहिला.