खर्जाच्या रांगेतला तिसरा

मोर्विद मावशीने दार उघडलं तेव्हा पायरीवर तिचा भाचा गेथिन उभा होता. हातात बॅग, गळ्यात दोन मफलर आणि तोंडातून चकार शब्द नाही. त्याने खिशातून चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. स्वरतंतूंना सूज आली आहे, डॉक्टरांनी बारा दिवस पूर्ण मौन सांगितलं आहे, कुजबुजसुद्धा चालणार नाही, आणि ही गोष्ट कुणाला कळता कामा नये, असं त्यात लिहिलं होतं. व्हिएन्नाच्या ऑपेरात तीन आठवड्यांनी त्याला राजा व्हायचं होतं. राजाचा घसा बसल्याची कुणकुण लागली असती तर तिथे दुसरा राजा तयारच होता.

"म्हणून तू गप्प राहायला इथे आलास?" मावशीने विचारलं. "नांतवेनला? अरे, आगीतून फुफाट्यात आलास की."

तिचं खरं होतं. आमचं नांतवेन पाटीच्या दगडाच्या खाणीवर वसलेलं आहे. खाण बंद पडून चाळीस वर्षं झाली, पण बोलणं आणि गाणं हे आमचे दोन्ही धंदे अजून जोरात चालू आहेत. इथे मनुष्य गप्प बसला तर शेजारी आधी डॉक्टरला बोलावतात आणि मग पाद्र्याला.

गेथिन प्रदेर्ख जगात कितीही मोठा असला तरी गावात त्याची ओळख वेगळी होती. सतराव्या वर्षी योरवर्थ सरांनी त्याला गावच्या कॉयरमधून, म्हणजे गायनमंडळातून, काढून टाकलं होतं. सर शाळेत गणित शिकवत आणि संध्याकाळी कॉयर घेत, आणि दोन्हीकडे त्यांना एकही आकडा इकडचा तिकडे झालेला खपत नसे. "अकरा जण एका बाजूला आणि तू एकटा एका बाजूला," ते म्हणाले होते. "हे गाणं नव्हे, कुस्ती आहे. घरी जा." गेथिन घरी गेला, तिथून कार्डिफला, मग लंडनला आणि मग सगळीकडे. मिलानमध्ये लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्याची बातमी इथे आली तेव्हा आम्ही एवढंच म्हणालो की बिचाऱ्याला कॉयरमध्ये जमलं नाही, पण निदान पोटापाण्याला तरी लागला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. आमच्याकडे तर पीक आलंय हेच कुणी मानत नाही.

गेथिनला याचं वाईट वाटायचं. चोपन्न वर्षांचा गडी, पण प्रत्येक मोठ्या प्रयोगानंतर तो सरांना कार्यक्रमपत्रिका पाठवायचा. सर उलट टपाली पोच द्यायचे, 'पत्रिका मिळाली. छपाई चांगली आहे.' सदतीस वर्षांत याहून जास्त कौतुक त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. पुढे त्यानेच मला सांगितलं, की व्हिएन्नाचा राजा होण्यापेक्षा त्याला सरांचं एक 'बरं गायलास' हवं होतं.

तर मावशीने त्याला माळ्यावरची शाळेतली पाटी काढून दिली आणि आयुष्यातलं पहिलं खोटं बोलायची तयारी केली. जन्मभर चॅपेलच्या पुढच्या बाकावर बसलेली बाई. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते जरा कच्चंच निघालं. पोस्टात विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दाढ काढलीय त्याची. बोलता येत नाही."

संध्याकाळपर्यंत घरात लीकच्या, म्हणजे जाड कांदापातीच्या, सुपाची तीन पातेली आली, लवंगाच्या तेलाच्या दोन बाटल्या आल्या आणि खाटीक इदवाल स्वतःच्या चार पडलेल्या दाढांची हकिगत सांगायला दीड तास बसून गेला. गेथिन मान हलवत राहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

रविवारी तो चॅपेलला गेला नाही, याची नोंद सगळ्यांनी घेतली. दाढ काढलेला माणूस निदान गुणगुणू शकतो, असं आमचं मत पडलं. मोठा झालाय आता, असंही कुणीतरी म्हणालं. मीच म्हणालो होतो बहुतेक.

आणि सोमवारी सकाळी संकट काठी टेकत दारात आलं. योरवर्थ सर. वय शहाऐंशी, पाठ ताठ, टाय बांधलेला.

शनिवारी कोएदमोरच्या माळावर आइस्तेद्वोद होती, म्हणजे गाण्या-कवितांच्या स्पर्धांचा आमचा वार्षिक मेळा. तिथल्या मोठ्या कॉयरच्या स्पर्धेत सहा वर्षं ओळीने कोएदमोरवाले जिंकत होते. नियम असा, की कॉयरमध्ये किमान चाळीस माणसं हवीत आणि प्रत्येक जण एकतर त्या गावात राहणारा हवा नाहीतर तिथे जन्मलेला. आम्ही बरोबर चाळीस होतो. रविवारी दुपारी आमचा खर्जातला सेल्विन मेंढीची लोकर कातरताना मेंढीसकट ओढ्यात पडला, पाय मोडला आणि एकोणचाळीस उरलो.

"तू इथे जन्मलास," सर गेथिनला म्हणाले. इतक्या वर्षांनी भेटल्यावरचं हे पहिलं वाक्य. "आज संध्याकाळपासून सराव आहे."

मावशी घाईने म्हणाली, "त्याची दाढ, सर."

"आठ दिवस झाले, मोर्विद. घोड्याची दाढ काढली तरी इतके दिवस लागत नाहीत. आणि दाढेने कोण गातं? गायचं श्वासाने."

मावशीकडे दुसरं खोटं शिल्लक नव्हतं. गेथिनसमोर पाटी होती. खरं लिहिलं असतं तर दुपारी पोस्टात, संध्याकाळी कार्डिफला आणि उद्या व्हिएन्नात पोचलं असतं. नाही म्हणून मान हलवली असती तर परत या गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. आणि ज्या माणसाने घालवून दिलं होतं तो शहाऐंशीव्या वर्षी चढ चढून बोलवायला आला होता. गेथिनची मान आपोआप होकारार्थी हलली.

"बोलू नकोस, दाढ जप," सर जाताना म्हणाले. "गाताना तेवढं तोंड उघड."

गेथिनने सरांचा शब्द तंतोतंत पाळला. चॅपेलच्या मागच्या खोलीत सरावाला तो आला, मागच्या रांगेत डावीकडून तिसरा उभा राहिला आणि तोंड उघडलं. फक्त उघडलं. त्याच्या डाव्या हाताला मेर्विन होता, ज्याचे कान खाणीतल्या सुरुंगांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वीच नेले. उजव्या हाताला इदवाल. तो गायला लागला की समोरच्या डोंगरावरच्या मेंढ्या चरायच्या थांबतात, त्यामुळे त्याला स्वतःशिवाय कुणाचं ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

गेथिन रंगमंचावर कपाटासारखा उभा राहतो असं समीक्षकांनी अनेकदा छापलं होतं. त्या चार संध्याकाळी त्याने जो अभिनय केला तो कुठल्याही समीक्षकाला पाहायला मिळाला नाही. श्वास वेळेवर, भुवया वेळेवर, छाती भरलेली, ओठ प्रत्येक अक्षराला चोख. आवाज तेवढा नाही.

खरा घोळ झाला तो आमच्यामुळे. मी त्याच्या पुढच्याच रांगेत होतो. मला वाटलं, मागे जगप्रसिद्ध माणूस गातोय, आपण कशाला भसाडा आवाज काढून हसं करून घ्या. मी आवाज निम्मा केला. माझ्या शेजाऱ्याने माझा आवाज उतरलेला पाहून स्वतःचा उतरवला. आणि नवल म्हणजे इदवालनेही उतरवला. "व्हिएन्नाच्या गळ्याशेजारी मी बकरा कापल्यासारखा ओरडू का?" असं तो नंतर म्हणाला. खर्जातले बाकीचे अकराही जण एकमेकांच्या आडोशाला लपले आणि जो घुमतोय तो गेथिनच, असं प्रत्येक जण धरून चालला.

बाहेर तर कहरच झाला. पोस्टातल्या बाईंनी रस्त्यावरून त्याचा आवाज ऐकला होता. खिडकीच्या काचा थरथरत होत्या म्हणे. आम्ही कुणी त्यांचं म्हणणं खोडून काढलं नाही, उलट मी म्हणालो की आत तर बाकं हलत होती.

सर मात्र मान तिरकी करून ऐकत राहिले. चारही दिवस त्यांनी खर्जाला एकदाही थांबवलं नाही. असं माझ्या तीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

शनिवारी दोन वाजता आम्ही मांडवात उभे राहिलो. सेल्विनचा कोट गेथिनला दोन बोटं आखूड होत होता. समोर कोएदमोरचे लोक पहिल्या रांगेत बसले होते, जिंकायची सवय झालेले लोक बसतात तसे. सरांनी हात वर केला आणि सुरुवात झाली.

गाणं खाणीत गेलेल्या माणसांचं होतं. शेवटच्या पानावर सगळे सूर हळूहळू एकमेकांत मिसळतात आणि मग एकदाच भरून वर येतात. तिथे गेथिनचं काय झालं ते त्याने मला सांगितलं तसं सांगतो. चोपन्न वर्षांत त्याने कॉयर कधी ऐकलाच नव्हता. जिथे उभा राहिला तिथे त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला होता. आज पहिल्यांदा त्याला मेर्विन ऐकू आला, इदवाल ऐकू आला, लांब दुसऱ्या टोकाला वरच्या पट्टीतले ऐकू आले, आणि यात आपली जागा होती हे कळून त्याला भडभडून आलं. त्याचा बाप याच रांगेत उभा राहायचा. छाती फुटेस्तोवर गावंसं वाटलं. त्याला दात आवळून धरता येईनात, कारण तोंड उघडं ठेवायचं होतं. तो तसाच उभा राहिला आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

आमच्याकडे परीक्षक निकाल नुसता सांगत नाहीत. मंचावर येऊन, सगळ्यांसमोर, एकेकाची चामडी सोलून मग सांगतात. त्या वर्षीच्या परीक्षक बाई साऱ्या आयुष्यात कॉयरशिवाय काही न ऐकलेल्या होत्या. ऑपेरा म्हणजे महागडी तिकिटं लावून केलेली आरडाओरड, असं त्यांचं जाहीर मत होतं. त्यांनी कोएदमोरला घाईचा दोष दिला, आणखी दोन गावांना बेसूर ठरवलं आणि आमच्याकडे वळल्या.

"नांतवेनचा खर्ज गेली दहा वर्षं मी कानांत बोटं घालून ऐकत आले," बाई म्हणाल्या. "आज या लोकांना झालंय तरी काय? असा संयमी खर्ज मी फार वर्षांत ऐकला नाही. आणि मागच्या रांगेतले डावीकडून तिसरे गृहस्थ. डोळे भरून आलेले, पण आवाज एकदाही इतरांच्या वर गेला नाही. मी कान देऊन शोधला, मला त्यांचा आवाज वेगळा काढताच आला नाही. कॉयरमध्ये गावं कसं, हे तरुणांनी त्यांच्याकडे पाहून शिकावं."

आम्ही जिंकलो. इदवालने गेथिनला उचललं. मेर्विनने काय झालं म्हणून तीनदा विचारलं.

चारच्या सुमारास गेथिन आणि मावशी चहाच्या तंबूत बसले होते. पुढ्यात मनुक्यांचा ब्रेड तसाच पडला होता. मावशीने घड्याळ पाहिलं. "चार वाजले. झाले बारा दिवस. बोल बाबा आता एकदाचा."

गेथिनने हातानेच थांब म्हटलं. पहिला शब्द कुणासाठी ठेवायचा हे त्याचं ठरलं होतं. सरांना खरं सांगून टाकायचं होतं. न गाता मिळवलेलं कौतुक त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. चॅपेलमध्ये वाढलेल्या माणसाची ही एक कायमची अडचण असते.

सर कप सांभाळत आले आणि समोर बसले. बराच वेळ चहा ढवळत राहिले. साखर ते घेत नाहीत.

"सदतीस वर्षं लागली तुला," शेवटी ते म्हणाले. "पण शिकलास. तुला घालवून दिलं त्या रात्री मला झोप आली नव्हती, हे तुला कधी सांगितलं नाही. आज तू माझ्या कॉयरमध्ये होतास. बरं गायलास, गेथिन. फार बरं गायलास."

म्हाताऱ्याचे डोळे ओले झाले होते. गेथिनने खाली पाहिलं, श्वास घेतला आणि मनाचा हिय्या केला.

"सर, मला तुम्हाला एक..."

बारा दिवस विश्रांती घेतलेला तो आवाज. टेबलावरच्या बश्या किणकिणल्या, तंबूतली दोनशे माणसं वळून पाहू लागली, आणि दाराजवळचं एक तान्हं मूल रडायला लागलं.

सरांनी डोळे मिटले आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

"हळू रे," ते म्हणाले. "एवढं छान गायलास आज. आता बोलून का घालवतोस?"

आणि गेथिन पुन्हा गप्प झाला, या खेपेला कुणा डॉक्टरने न सांगता.