चौथ्या गिअरमधली टकटक

गाडी बिघडली म्हणून मोखाड्याला काशिनाथमामांकडे गेलात, तर ते आधी बॉनेट उघडत नाहीत. स्टूल ओढून तुमच्यासमोर बसतात, तुमच्या तोंडावर नजर रोखतात आणि सांगतात, "आवाज काढा."

गाडीचा आवाज तुम्ही तोंडाने काढायचा. तोही बाजाराच्या दिवशी, भर रस्त्यात, कारण मामांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि तिच्यासमोरचा रस्ता. मी एका धिप्पाड जीपवाल्याला तिथे चाकाचं बेअरिंग होताना पाहिलं आहे. एक पोक्त साहेब डोळे मिटून फुटका सायलेन्सर झाले होते.

मी खोडाळ्याजवळच्या शाळेत शिक्षक, राहायला जव्हारला. माझी जुनी मोटार अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आतून कुणी ठोकतंय असा आवाज करू लागली. सपाटीला गप्प, चढ लागला की सुरू. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने इंजिनाखालची रबरं बदलली. ठोके काही थांबेनात. शेवटी मामांपुढे उभा राहिलो.

"काढा, गुरुजी."

मी इकडेतिकडे पाहिलं. नागली विकायला दोन बाया बसल्या होत्या. त्यांतली एक माझ्या वर्गातल्या मुलीची आई.

"टक टक," मी हळूच म्हणालो.

"वर्गात पन असंच शिकवता का? मोकळं काढा."

"टक-टक-टक-टक!"

"टक का टण? नीट आठवा. टण असल तर इंजिन खोलावं लागंल."

"टक, टक!" मी घाईने म्हणालो. मुलीची आई पदर तोंडाला लावून हसत होती.

इथे एक कबुली द्यायला हवी. त्याआधी दोन वर्षं मी शाळेत मामांची नक्कल करत होतो. मधल्या सुट्टीत इतर शिक्षकांची फर्माईश व्हायची. 'बॉनेट बंद, तोंड उघडा' असं मामा कधीच म्हणत नाहीत. ते वाक्य मी त्यांच्या नावावर खपवलं होतं. त्यालाच सगळ्यात जास्त हशा मिळायचा.

मामांनी मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं आणि त्याची मूठ दातांत धरली. जरा वेळाने म्हणाले, "उभ्या गाडीत नाय सापडनार. चला चढाला."

चपला काढून ते शेजारी बसले. पायाखालचं मॅट बाजूला सारून अनवाणी तळवे पत्र्यावर ठेवले. पोशेऱ्याच्या बाजूचा चढ आला आणि ठोके सुरू झाले.

"मामा, आला!" मी म्हणालो. ते समोर बघत राहिले. मी पुन्हा म्हणालो. काही नाही. शेवटी दंडाला हात लावला, तेव्हा त्यांनी चटकन माझ्या ओठांकडे पाहिलं.

"आला का? पायाला लागलाच मला."

मामांना ऐकू येत नव्हतं. लोकांच्या तोंडाकडे पाहणं, ती दातांतली मूठ, सगळं त्याचसाठी होतं. आणि मी त्यावर दोन वर्षं हशा मिळवला होता.

"गिअर कुठला?" त्यांनी विचारलं.

"चौथा."

"ह्या चढाला चौथा? उतरवत का नाय?"

मी खरं ते सांगितलं. "तिसऱ्यात इंजिन फार ओरडतं. वाटतं, आपण त्याला त्रास देतोय."

मामा हसत हसत दाराला टेकले. "अहो गुरुजी, ओरडू द्या ना त्याला! ओझं घेऊन चढताना मानूस पन हुंकार देतो. तुम्ही त्याचं तोंड दाबून चढवता, मग तो आतून ठोकनारच. घाला तिसरा."

घातला. इंजिन ओरडलं आणि ठोके थांबले.

"गेला?" मामांनी माझ्या ओठांकडे पाहत विचारलं.

"गेला!"

वळणावर गाडी थांबवून मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि नकलेचं सगळं सांगितलं. सावकाश, एकेक शब्द.

"ठावं हाय," मामा म्हणाले. "तुमच्यामुळं तीन मास्तर गाडी घेऊन आले, मजा बघाया." मग म्हणाले, "पन कानाचं नका बोलू कोनाला. बहिऱ्याकडं जीप कोन आनंल?"

मी नाही बोललो. पुढे त्यांनी स्वतःच एका जीपवाल्याला सांगून टाकलं. जीपा अजून येतात, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

त्या दिवशी गाडी वळवणार, तोच त्यांच्या खिशात मोबाइल थरथरला. त्यांची मुलगी ठाण्याला असते. तिची चार वर्षांची पोर फोनवर होती.

"हिचा आवाज लय बारीक," मामा म्हणाले. "कवापासून मी नुसता हो हो करतोय. ती काय बोलती, ते तुम्ही बोला."

मी फोन कानाला लावला आणि माझ्या मास्तरी आवाजात सुरू झालो, "आजा, आमच्या जिन्यात मांजरीला पिल्लं झालीत. तीन. एक काळं आहे, ते माझं. तू कधी येशील?"

मामा माझ्या तोंडाकडे पाहत होते. उत्तरही त्यांनी मलाच दिलं, "येतो गं बाय. भात कापून झाला का लगेच येतो. त्या काळ्याला कोनाला देऊ नको."

मी फोन कानावरून काढला आणि त्यांच्या तोंडापाशी धरला.