कायदा कुठवर येतो?

आमच्या दिघीत कुणी पडलं, की लोक विचारतात, "लागलं का रे?" आमचे शेजारी दामूमामा विचारतात, "कामावर होतास का?"

मामांनी उभी हयात बंदरात माल उतरवण्यात घालवली. आता घरी असतात, पण जखमी माणूस दिसला की त्यांच्या अंगात वकील संचारतो. माणूस गेटच्या आत पडला की बाहेर, पाय बोटीत होता की धक्क्यावर, ही उलटतपासणी झाल्याशिवाय ते जखमेला हळदही लावू देत नाहीत. मग काठीने जमिनीवर रेघ ओढून निकाल देतात, "भरपाईचा कायदा हितवर येतो."

माझी बायको ओट्यापाशी घसरली, तेव्हा मी मलम शोधत होतो. तेवढ्यात मामांनी स्वयंपाक हे काम ठरवलं, मला मालक ठरवलं आणि भरपाई म्हणून भांडी घासणं माझ्या गळ्यात मारलं. बायको त्यांना देवमाणूस म्हणते. एका लग्नात नाचताना वरबापाचा पाय मुरगळला. मामांनी भर मांडवात जाहीर केलं, की नाचणं ही हौस, काम नव्हे, भरपाई मिळणार नाही. बिचाऱ्याने ती मागितलीही नव्हती.

एवढा बोलका माणूस, पण रोज सकाळी बादलीभर वाळू घेऊन धक्क्याकडे का जातो, ते सांगत नसे. पाय मोकळे करतो, म्हणायचे. त्याला वाळू कशाला लागते, हे मला कळत नव्हतं.

परवा धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर मामाच घसरले. प्लास्टर घालून खाटेवर पडलेले बघून मी इतक्या वर्षांचा वचपा काढला. "मामा, कामावर होतात का?"

मला वाटलं, हसतील.

"व्हय," मामा म्हणाले. "माझा धाकटा भाऊ, बाळू, त्याच पायऱ्यांवरनं पडून गेला. खाली बोट उभी होती, जहाजावर कामाला न्यायला. ठेकेदार बोलला, पायऱ्यांवर काम चालू होत न्हाय. भरपाईच्या साहेबांनीबी तेच धरलं. कायदा तिथवर येतो रे, पण बाळूसाठी आला न्हाय. मंग मीच तिथं काम चालू केलं. वाळू टाकतो."

बाळूचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली उचलली. मामांनी खिडकीतून हाक मारली.

"जपून जा. आन् पडलास तर सांग, कामावर होतो."