माया सोडली का?

गायकवाड टेलरशी रस्त्यात दोन मिनिटं बोललात, तर घरी गेल्यावर शर्टाचा खांदा तपासून घ्या. तिथं निळ्या खडूची रेघ असणारच. बोलता बोलता त्यांचा हात पुढं येतो, "डावा खांदा उतरलाय साहेब, अर्धा इंच," म्हणतात आणि खूण करून मोकळे होतात. मी एकदा तसाच ऑफिसच्या मीटिंगला गेलो. साहेब म्हणाले, "कुठून कापायचंय तुम्हाला?"

शहागंजात त्यांचं दुकान, आमच्या गल्लीत घर. मशीनवरून उठले की पायाला भिंगरी. आणि तोंडात एकच प्रश्न, "माया सोडली का?" पुढंमागं कपडा उसवून मोठा करता यावा म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, ती माया. पण गायकवाडांना कपड्याचीच अट नाही. शेजारी कंपाउंडची भिंत चढत होती, तर गवंड्याला विचारलं, "माया सोडली का?" तो बिचारा थापी हातात घेऊन बघतच राहिला.

गेल्या आठवड्यात तर त्यांनी गल्लीला सळो की पळो करून सोडलं. रविवारी त्यांची मुलगी सुनीता येणार होती, चार वर्षांनी. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा "या घरात पाय ठेवायचा नाय" असं हे बोलून बसले होते. घरात तिचा विषय काढायलाही बंदी. आता तीन वर्षांच्या लेकीला घेऊन येतेय, असं तिनंच आईला कळवलं. गायकवाडांनी न पाहिलेल्या नातीच्या फ्रॉकसाठी पिवळं कापड आणलं. माप मात्र नव्हतं.

मग काय, गल्लीतल्या तीन वर्षांच्या एकूण एक पोरी टेपखाली गेल्या. एक गुटगुटीत, दुसरी काटकुळी, तिसरी उभीच राहीना. रोज नव्या रेघा, रोज झटकाझटकी. शनिवार उजाडला तरी कापडाला कात्री लागली नव्हती. पिवळं कापड निळं दिसायला लागलं होतं.

"अहो, सुनीतालाच विचारा की," मी म्हणालो.

"काय तोंडानं विचारू? लई बोललो व्हतो तिला."

मला चीडच आली. गायकवाडकाकूंकडून सुनीताचा नंबर घेतला, लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात कोंबला.

"सुनीता... मी बाबा. पोरीची उंची सांग. खांदा बी सांग."

पलीकडून आवाज आला, "सांगते की. पण बाबा, आधी तिचं नाव तरी विचारा."

गायकवाडांनी माझ्याकडं पाहिलं. नाव मला माहीत होतं. काकूंनी गुपचूप साऱ्या गल्लीला सांगितलं होतं. पण मी फोनकडंच बोट केलं.

"काय ठेवलं गं नाव?" त्यांनी विचारलं, आणि माझेच डोळे भरून आले.