व्याह्यांसाठी बसवलेली घंटा

नवे व्याही पहिल्यांदाच जेवायला येणार म्हटल्यावर पारस चौगुले सरांनी ठरवलं, की आपली विद्या त्यांना दाखवायचीच. सर सांगलीत पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. (विद्या दाखवायची खाज फार वाईट. त्यापेक्षा खरूज परवडली.)

व्याही, समडोळीचे आदगोंडा पाटील, जैन नेमाचे कडक. दिवस मावळला की तोंडात घास नाही, पाण्याचा थेंब नाही. आणि सरांच्या लेकीच्या, श्रद्धाच्या, लग्नाची तारीख जेवण झाल्यावर ठरायची होती! पश्चिमेला नवी इमारत उठल्यापासून सरांना घरातून सूर्य दिसत नसे. म्हणून त्यांनी खिडकीत उजेड टिपणारा सेन्सर लावला, त्याला डिफरन्शिएटर सर्किट जोडलं आणि पुढे घंटा बसवली.

"उजेड किती हाय, ह्याच्याशी ह्याला देणंघेणं न्हाई," सर व्याह्यांना सांगू लागले. "उजेड बदलला की पकडतंय! दिवस कलला की घंटा वाजणार, आपण ताटावर बसणार."

"आवं, घड्याळ बघून वाढते की," सरांच्या बायको पद्मावतीबाई म्हणाल्या. खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, चुलीवरून उतरली होती.

"घड्याळ कुणीबी बघतंय!"

तेवढ्यात खिडकीवरून कावळा गेला. घंटा खणखणली. आदगोंडा हात धुऊन पाटावर बसले. बाहेर लख्ख ऊन.

"ही खोटी वाजली, पाव्हणं. खरी वाजू द्या," म्हणत सरांनी त्यांना उठवलं.

मग शेजारच्या रंगुबाईंनी गोधडी झटकली. पुन्हा घंटा, पुन्हा हात धुणं, पुन्हा माघार. आदगोंडा भला माणूस, एका शब्दाने बोलले नाहीत. पोट मात्र बोलत होतं.

गप्पा उसाच्या लागणीवर गेल्या आणि तिथेच रमल्या. बाहेरचा उजेड इतक्या बेताबेताने ओसरला, की कुणाला कळलं नाही. घंटेलाही नाही. मग एकदम रस्त्यावरचा दिवा लागला आणि घंटा कडाडली.

"वाजली! ही खरी! ताटं घे गं!" सर ओरडले.

आदगोंडांनी बाहेर बघितलं आणि हात जोडले. "पाव्हणं, दिवस कवाच मावळला की."

सरांचा चेहरा पडला. हुग्गीवर साय धरू लागली. शेवटी व्याहीच हसले, "असू दे. आज मुक्काम करतो. सकाळी जेवू, मग तारीख धरू." ऐकून सरांचा जीव भांड्यात पडला, पण जीभ काही गप्प बसेना.

"सर्किट चुकलं न्हाई, बरं का! कावळा झटक्यात गेला, दिवा झटक्यात लागला, ते बरोबर वाजलं. सूर्य लय सावकाश बुडाला. जे सावकाश बदलतंय, ते ह्याला दिसतच न्हाई."

"म्हंजे अगदी तुमच्यावर गेलंय," पद्मावतीबाई ताटं उचलत म्हणाल्या. "माझं केस पिकलं, ते तरी तुमाला कवा दिसलं?"

सरांनी बायकोच्या पिकल्या केसांकडे बघितलं. खरं सांगायचं तर, त्यांना ते आत्ताच दिसत होते.