गावात बस आणायची माझी योजना

आमच्या गावात बस मी आणणार होतो. सरपंचांना जे वीस वर्षं जमलं नाही ते मी एका रविवारी करून दाखवणार होतो. आणि दाखवलंही असतं, पण ऐका तर!

नियम साधा होता. पाचशे माणसं असतील तर बस. आम्ही चारशे एकाहत्तर, तेही पाळण्यातली धरून. इकडे ताईचं नर्सिंगचं कॉलेज सोमवारी सुरू होणार, आठ किलोमीटरवर. बाबांनी जाहीर करून टाकलेलं, "बस आली तर कॉलेज. नाही आली तर विषय संपला."

रविवारी बस खात्याचे साहेब मोजायला येणार होते. मी म्हटलं, "एकोणतीसच कमी आहेत ना? आत्याकडची माणसं बोलवू."

"आणि साहेबांनी त्यांना काही विचारलं तर?" ताईला शंकाच फार.

"एकच उत्तर. इथलेच. काहीही विचारू दे, इथलेच."

मी मागवली एकोणतीस, आत्याने आणली अठ्ठावन्न. तिच्या जावयाचा जीप भाड्याने द्यायचा धंदा. सहा जीपा भरून सगळं सासर आलं, लग्नाला निघाल्यासारखं नटून. शाळेपुढे जीपा ओळीने लागल्या. मी सगळ्यांकडून दहा-दहा वेळा "इथलेच" घोटून घेतलं.

साहेब आले ते चालत. त्यांची मोटारसायकल वाटेत पंक्चर झालेली. तीन किलोमीटर तुडवून आलेले, पँट गुडघ्यापर्यंत लाल, चेहरा त्याहून लाल.

"कसे राहता हो तुम्ही लोक इथं?" ते कळवळून म्हणाले. "तुम्हाला बस मिळालीच पाहिजे."

सरपंचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी तर मनातल्या मनात पहिल्या सीटवर जाऊन बसलोसुद्धा.

मग साहेब शाळेच्या कोपऱ्यावर वळले आणि थांबले.

"या जीपा कोणाच्या?"

आत्या पुढे सरसावली. पाठांतर पक्कं बाईचं. "इथल्याच."

"सहाच्या सहा?"

"इथल्याच!" अठ्ठावन्न जण एका सुरात. वर्गात कधी एवढा पाढा पाठ झाला नसेल.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आता मी काय बोलणार? जीपा पाहुण्यांच्या म्हणावं तर माणसंही पाहुणी ठरतात. माणसं इथली म्हणावं तर जीपा कुठे आभाळातून पडल्या? घसा खाकरून म्हटलं, "इथल्याच, साहेब."

"आणि बसायला आरामशीर आहेत हो," आत्याने भर घातली. "दारात चढलं, दारात उतरलं. पाणी हलत नाही पोटातलं."

ताईने कपाळावर हात मारला.

साहेबांनी माणसं मोजली. पाचशे एकोणतीस. फॉर्मवर लिहिलं, "लोकसंख्या पुरेशी." मी टाळी वाजवायला हात उचलले. त्यांनी पुढचा रकाना भरला, "वाहनंही पुरेशी. बसची गरज नाही."

"अहो पण साहेब..."

"सहा जीपा दारात असून मला आणायला एकही नाही आली," ते म्हणाले. "आता निदान सोडायला तरी लावा." आणि पहिल्या जीपमध्ये पुढे जाऊन बसले.

संध्याकाळी उरलेल्या पाच जीपाही गेल्या. आत्या निघताना म्हणाली, "एक शब्द चुकले नाही बघ." खरंच नव्हती चुकली.

ताई पुस्तकं पिशवीतून काढून परत फळीवर ठेवायला लागली. मग मीच बाबांपुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "मी सोडेन तिला. सायकलवर."

"रोज?"

"रोज."

"तीन वर्षांचा कोर्स आहे," बाबा म्हणाले. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

तर असं आहे. गावात खरोखरचं इथलं म्हणावं असं वाहन एकच, आणि ते मी चालवतो. आठ किलोमीटर जाताना, आठ येताना. चढ आला की ताई मागून म्हणते, "ड्रायव्हर, जरा वेग वाढवा." काल सरपंच आले होते. मला वाटलं सांत्वन करायला. ते विचारत होते, पुढच्या दांडीवर जागा आहे का.