टाकीवर बसलेले मामा

योगराजला जुळ्या मुली झाल्या, ते साल दोन हजार चोवीस. बारशासाठी सगळा गोतावळा सुरतेत, डिंडोलीला जमला होता आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या थोरल्या बहिणीची, गायत्रीची, परीक्षा होती. गायत्री मानसतज्ज्ञ. मनाचा तोल गेलेल्या माणसाशी काठी न उगारता कसं बोलावं, हे ती पोलिसांना शिकवणार होती. मोठ्या साहेबांना पहिला वर्ग पटला तर पुढचे सहा तिला मिळणार, नाहीतर पुन्हा घरी बसणं.

पाण्याच्या टाकीवर चढून उडी मारायची धमकी देणाऱ्याचं सोंग करायला ठरवलेला नाटकवाला ऐन वेळी आलाच नाही. तिनं बारशाला आलेल्या सखाराममामांना गळ घातली. "नुसतं बसायचं, मामा. पोलीस गोड बोलले की उतरायचं."

मैदानातल्या बुटक्या टाकीवर मामा बसले. शिपाई भूपेंद्र शिडीपाशी आला. "काका, मी भूपेंद्र. घाई नाही. काय सलतंय ते सांगा."

सत्तर वर्षांत मामांना असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी लूमच्या मालकापासून सुरुवात केली आणि पाऊण तासानं गुडघेदुखीपर्यंत आले.

"आता उतरता ना?"

"नही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. गायत्रीचा धीर सुटला. "मामा, पुरे झालं! लोक काय म्हणतील? आधी खाली या!"

भूपेंद्र हळूच म्हणाला, "मॅडम, ही तिन्ही वाक्यं बोलायची नाहीत, असं तुम्हीच फळ्यावर लिहिलंय."

मग त्यानं वर पाहिलं. "काका, रुसलात कोणावर?"

"हाई पोरवर! हिना लगीनमा गावभर मानन्या टोप्या वाटल्यात. सख्खा मामा मी, माले नही घाली!"

गायत्री ओशाळली. बारा वर्षांत मामा हे कधी बोलले नव्हते. भूपेंद्रनं स्वतःची टोपी काढून पुढे केली.

"ती नको. ती सरकारी शे."

शेवटी एक जण मोटारसायकल काढून पर्वत पाटियाच्या बाजारात गेला आणि पांढरी टोपी, नारळ घेऊन आला. "या आता खाली."

"मान घेवाले कोनी खाले उतरस का?"

पदर खोचून गायत्रीच शिडी चढली. टोपी घातली, नारळ दिला, पाया पडली. तेव्हा कुठे मामा उतरले.

"बेन, बहु सरस!" साहेब म्हणाले. "सहाही वर्ग तुमचे. फक्त शिकवून झालं की तुम्हीही बाकावर बसत जा."

पुढे पाच वर्गांना मामांनाच बोलावणं आलं आणि दर खेपेला ते नव्या नातेवाइकावर रुसले. सहाव्या वर्गाला टाकीवर गायत्री बसली. भूपेंद्रनं किती विनवलं, तरी बराच वेळ उतरली नाही. सखाराममामा आठ दिवसांपूर्वी, दोन हजार पंचवीसच्या पाडव्याला, वारले होते.